दोन्या मेचेची शिट्टी

एल पासो, टेक्सस
१२ फेब्रुवारी १९८६

चि. तेयो यास,

लिंदाताईचे आशीर्वाद. रागात लिहिते आहे, पण आशीर्वाद खरेच आहेत.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागे तुझ्या पेनाची करकर ऐकू येते, म्हणून पत्र. पत्र वाचताना तरी हात मोकळे ठेवावे लागतात. अमाला काल दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यातच जमा आहेत. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, शब्द एकेक करून येतात आणि काही येतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, झटका पुन्हा येऊ शकतो. कधी, ते सांगता येत नाही. मी त्यांना फार विचारलं नाही.

आता रागाचं कारण सांगते. ज्या दिवशी अमा दवाखान्यात पडून होती, त्याच दिवशी पेपरातल्या चित्रमालिकेत तुझी दोन्या मेचे भाच्याच्या लग्नात पदर खोचल्यासारखा झगा वर धरून नाचत होती. समोरच्या दोन्या एउलालिया गोड पाव घेऊन आल्या आणि अंगणातूनच ओरडल्या, आई बरी झाली वाटतं, नाचायला लागली की. अख्ख्या मोहल्ल्याला तुझी दोन्या मेचे म्हणजे आमची अमाच वाटते. कितीदा सांगितलं की तेयो हे सगळं सहा आठवडे आधी काढून पाठवतो. लोक मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर बघून चौकशीला येतात.

लोकांचं सोड, पण तुझ्या भावाचं, चानोचं काय? तो पेपर बघतो हे आपल्याला माहीत आहे. नाताळच्या कार्डावर काय लिहिलं होतं ते आठवतंय ना, चित्रकाराला सांग, माझे कान एवढे मोठे नाहीत. शिक्का वॉशिंग्टनमधल्या याकिमाचा होता, पत्ता नव्हता. म्हणजे तो तिकडे सफरचंदं भरत बसला असणार, अमा नाचताना बघत असणार आणि ठणठणीत आहे म्हणून निवांत असणार.

तू त्याला घालवलंस असं मी म्हणत नाही. पण त्याने अपांचा जुना ट्रक कालव्यात घातला तेव्हा होणाऱ्या सासऱ्याला ब्रेक निकामी झाले म्हणून कसंबसं पटवलं होतं. साखरपुडा सावरला होता. आणि सहा आठवड्यांनी, सगळे विसरल्यावर, पेपरात तुझा पिपो, म्हणजे मोठ्या कानांचा चानोच, ट्रकच्या आरशात बघून भांग पाडत कालव्यात जाताना दिसला. तिचा बाप पेपर हातात घेऊनच आमच्या दारात आला होता. तीन वर्षं झाली त्या गोष्टीला. तुझ्या हातून तो गेला, आता तुझ्याच हातून परत यायचा. अर्ध्या देशात तुझी चित्रं छापून येतात. त्याला बोलाव. अमा रस्त्याकडच्या दाराकडे तोंड करून बसते आणि संध्याकाळ झाली की आलं का कुणी, एवढंच विचारते.

अपा जाऊन पाच वर्षं झाली. तुझ्या चित्रांत ते अजून मिशीला पीळ देत बसतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सकाळी पेपर उघडला की मी आधी त्यांनाच बघते.

जेवत जा. माया आहे म्हणूनच रागावते.

तुझी
लिंदा


लॉस एंजेलिस
२० फेब्रुवारी १९८६

ती. लिंदाताईस,

तेयोचा नमस्कार, आणि हा लिहिताना पेन तुझ्याशिवाय कुणासाठी चालत नाहीये.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन्या मेचेला मक्याच्या पिठाचे तमाले बांधायला बसवलं होतं. मक्याच्या पानाची गाठ ती दातांनी ओढते आहे, असं चित्र. ते तसंच टाकून उठलो. पुढे दोन दिवस तिच्या तोंडाला शाई लावायला हात धजेना.

तू सांगतेस ते मला पटलं, पण करायचं कसं? चानो घरी ये, असं सरळ चित्रात लिहिलं तर पुन्हा अर्ध्या देशासमोर त्याला कान धरून उभं केल्यासारखं होईल. त्याच गोष्टीसाठी तो गेला. त्याला कळेल आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही, असं काहीतरी हवं. मी डोकं धरून बसलो होतो. खाली रस्त्यावर कुणीतरी टॅक्सीला शिट्टी मारली आणि मला अमाची शिट्टी आठवली.

आठवतं ना, दिवे लागायच्या वेळी आपल्या गल्लीत दारादारातून शिट्ट्या सुरू व्हायच्या. प्रत्येक घराची वेगळी. दोन्या एउलालियांची कोंबडीसारखी, कोपऱ्यावरच्या ओर्नेलासांची लांबलचक. बाकी कुणीही कितीही वाजवली तरी आपली मान वर व्हायची नाही. आणि अमाची आली की चानो गोट्या मातीत टाकून पळायचा. तो ती शिट्टी ऐकून आला नाही असं कधी झालं नाही. मी दोन्या मेचेला पायरीवर उभी करून तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला लावणार आहे. शब्द एकही नाही.

आता एक गोष्ट विचारतो, हसू नकोस. दोन आखूड आणि मग एक लांब, एवढं मला पक्कं आठवतं. पण ती शेवटची वर जायची की खाली यायची? मी टेबलाशी बसून दोन्ही वाजवून बघितल्या. दोन्ही खऱ्या वाटतात. वरच्या मजल्यावरच्या बाईने काठीने जमिनीवर ठोकलं, तरी ठरेना. अमाला एकदा वाजवायला सांग आणि मला कळव.

मी येणारच आहे. चित्रं थोडी पुढे काढून ठेवली की ईस्टरला येतो. ह्या धंद्यात एक दिवस सुट्टी घ्यायची तर आधी त्या दिवसाचं काम करून ठेवावं लागतं, तुला माहीतच आहे. अमाच्या डाव्या हाताची पापी घे.

लोभात काही कमी पडू देऊ नकोस, माझी बाजू जरा लंगडी आहे.

तुझा
तेयो


एल पासो
२७ फेब्रुवारी १९८६

चि. तेयो,

आशीर्वाद. हसले नाही.

अमाला वाजवायला सांगितलं. तिच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तिने डाव्या हाताची दोन बोटं झग्याला पुसली आणि तोंडात घातली. ओठच मिटत नाहीत, तेयो. नुसती हवा आली आणि हनुवटीवरून लाळ. तिने पुन्हा केलं. मग मला ढकललं आणि रडली. मीही तिच्याजवळ बसून रडून घेतलं. मग दोघींनी अतोले, ते दुधातलं मक्याचं गरम पेय, प्यायलं.

संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं आणि डाव्या हाताने हवेत दाखवलं. खाली, खाली, आणि मग हात डोक्याच्या वर नेऊन तिथेच धरून ठेवला. थकून खाली पडेपर्यंत धरला. म्हणजे शेवटची वर जाते आणि लवकर संपत नाही. आता विसरू नकोस.

आणखी ऐक, कारण तू काढायला बसलास की मनाने काहीही घालतोस. ती डावीच बोटं वापरायची, कारण उजव्या हाताला पीठ असायचं. फाटकाशी कधी जायची नाही, दुसऱ्या पायरीवरच उभी राहायची. खिडकीचे पडदे तू अजून पिवळे काढतोस. ते बदलून किती वर्षं झाली, आता निळे आहेत. केस तिचे सगळे पांढरे झालेत, पण ते मात्र काळेच ठेव. तिला पेपरातले काळे केस आवडतात. आणि मला एकदा तरी डोक्यात कर्लर न लावता काढ. मी घरात असते तेव्हा नेहमीच काही सर्कशीत असल्यासारखी दिसत नाही.

प्रत्यक्ष आलास तर हे सगळं मला लिहावं लागणार नाही. बघ जमलं तर.

पत्राची वाट बघते, तुझीही.

लिंदा


लॉस एंजेलिस
८ मार्च १९८६

ती. लिंदाताईस,

नमस्कार. पडदे निळे केले. कर्लरांचं बघतो, पण वाचकांना ते फार प्रिय आहेत.

न्यूयॉर्कच्या ऑफिसातले संपादक व्हिटलॉक यांच्याशी भांडण झालं. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं वेळेत आणि विनोदी लागतं. मी म्हटलं, मार्चअखेरच्या आठवड्याची चित्रं पेपरांकडे गेली असली तरी मागे घ्या, मी दुसरी पाठवतो. तो आधी त्यावरच चिडला. मग नवी चित्रं बघून आणखी चिडला. सोमवारी दोन्या मेचे पायरीवर येऊन शिट्टी मारते. तोंडापासून तीन खुणा निघतात, दोन छोट्या खाली आणि तिसरी चौकटीच्या बाहेर चढत जाते. मंगळवारी तेच चित्र, फक्त सावली लांब झालेली. बुधवारी तेच, गुरुवारी तेच, दिवे लागलेले. शुक्रवारी अंधार. शनिवारी ती खुर्ची आणून दारात बसते आणि बसल्या बसल्या शिट्टी मारते.

व्हिटलॉकने विचारलं, ह्यात विनोद कुठे आहे? मी म्हटलं, नाही. त्याने विचारलं, मग शनिवारी येतं कोण? मी म्हटलं, कुणीच नाही. तो म्हणाला, मग शेवट कुठाय? मी म्हटलं, शेवट माझ्याकडे नाही. मग तो म्हणाला की त्यांच्या शेतावर त्याची आई पोरांना बोलवायला घंटा वाजवायची, आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, हे एकदाच, पुन्हा मागू नकोस.

ताई, हा आठवडा काढताना फार जड गेलं. एरवी माझा हात अमाला न बघता काढतो. ह्या वेळी प्रत्येक चित्राशी अडखळलो. ती दारात उभी राहते तेव्हा वजन कुठल्या पायावर टाकते, मान कुठे झुकते, काही केल्या आठवेना. जे काढलं ते बरोबर आहे की नाही हे सांगायलाही इथे कुणी नाही. असं वाटलं की मी वर्षानुवर्षं माझ्याच जुन्या चित्रांवरून तिला काढतोय.

ईस्टरचं मात्र जमत नाहीये. हे बदलायच्या भानगडीत साठवलेला आठवडा खर्च झाला. मेमध्ये येतो, हे नक्की धर.

तुझ्या रागालाही माझा नमस्कार.

तेयो


एल पासो
३१ मार्च १९८६

चि. तेयो,

आशीर्वाद.

तुझा आठवडा आला आणि गेला. सोमवारी दोन्या एउलालिया म्हणाल्या, आज छापायला काहीतरी चुकलंय. मंगळवारी म्हणाल्या, पुन्हा तेच छापलंय. बुधवारी आल्या त्या थेट अमाजवळ बसल्या आणि जाताना मला दारात विचारलं, चानोसाठी आहे ना हे? मी हो म्हटलं. गुरुवारी दिवे लागायच्या वेळी त्या आपल्या पायरीवर आल्या आणि त्यांनी त्यांची ती कोंबडीसारखी शिट्टी मारली. त्यांची पोरं ह्यूस्टनला असतात, नातवंडं झाली त्यांना. मग ओर्नेलासांच्या सुनेने मारली. मग आणखी कुणीतरी, पार कालव्याकडून. अमा खुर्चीत ताठ बसून ऐकत होती. आपल्या दारातून मात्र आवाज गेला नाही, कारण मला कधी शिट्टी आलीच नाही.

शनिवारी कुणी आलं नाही. रविवारी मी मेनूदोचा रस्सा जास्त केला होता, तो शेजारी वाटला.

अमाला रोज पेपर समोर धरावा लागतो. भिंग घेऊन बघते, बोट फिरवते, काहीतरी शोधते आणि मग कंटाळून ठेवून देते. परवा आणखी एक छोटा झटका आला. बाहेरून फरक दिसत नाही, पण झोप वाढली आहे. मी तुला घाबरवायला लिहीत नाही. माझ्या एकटीच्या मनात हे ठेवून मला आता होत नाही म्हणून लिहिते.

मेपर्यंत थांबू नकोस, तेयो.

तुझी
लिंदा


लॉस एंजेलिस
१५ एप्रिल १९८६

ती. ताईस,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, क्षमा कर.

इथे पत्रांची पोती आली आहेत. एक गृहस्थ लिहितात की आम्ही सकाळी हसण्यासाठी पेपर घेतो, तुमच्या आईची शिट्टी ऐकायला नव्हे. अशी थोडी. बाकीची वेगळीच आहेत. लारेडोची एक बाई लिहिते, आमची शिट्टी अशी नव्हती, आमची पाच सुरांची होती, पण त्या शुक्रवारी माझ्या मुलाचा अचानक फोन आला. शिकागोच्या एका माणसाने कारखान्याच्या उपाहारगृहात पेपर घडी करून ठेवला, पाळी संपल्यावर थेट बस पकडली आणि सान अंतोनियोला पोचल्यावर मला पत्र टाकलं. आई ओरडली म्हणे, आधी कळवलं असतंस तर कोंबडी आणली असती. अशी कितीतरी. लोकांची पोरं घरी पोचली, ताई. आपलं नाही पोचलं.

प्रत्येक पाकीट उघडताना आधी अक्षर बघतो. चानोचं ते उजवीकडे लवलेलं अक्षर एकावरही नसतं. त्याने पेपर बघणंच सोडलं असेल का? की बघून दात ओठ खाल्ले असतील? मला त्याची फार आठवण येते. त्याला चिडवण्यासाठी का होईना, त्याचे ते कान मी रोज काढत आलो. आता ते काढायला घेतले की पेन खाली ठेवतो.

व्हिटलॉक आता म्हणतो, लोकांना शिट्टी आवडली, दर वर्षी करूया. मी हो म्हटलेलं नाही. काम मात्र दुप्पट आलंय. मेच्या शेवटी नक्की सुटतो. तोवर अमाला सांभाळ, आणि तिला सांग की तेयो वाट बघतोय.

तुझ्या मायेवर जगणारा,
तेयो


एल पासो
२४ एप्रिल १९८६

थोर चित्रकार श्री. एलेउतेरियो बर्रासा यांस,

स. न. वि. वि. परक्या माणसाला असंच लिहितात ना?

फोन करणार होतो, पण फोनवर मी नुसत्या शिव्या दिल्या असत्या. लिहिताना निदान त्या खोडता येतात. दोन खोडल्या आहेत.

मंगळवारी आलो. तुझा तो सोमवार मी सफरचंदांच्या शेडमध्येच बघितला. वाटलं, झालं, आता ह्याने अमाची शिट्टीही विकायला काढली. इतका संतापलो की पेपर पेटीखाली कोंबला. पण मंगळवारचा बघितला, बुधवारचाही. शिट्टी बरोबर होती, हे कबूल करतो. शुक्रवारपर्यंत मला फक्त तुझा राग होता. शनिवारी ती खुर्चीत बसलेली दिसली. तेयो, अमाने आपल्याला कधी बसून बोलावलं नाही. पाय सुजले होते तेव्हाही ती उभी राहायची. तू ते उगाच काढणार नाहीस, हे मला माहीत होतं. तिला काहीतरी झालंय हे मला तिथे कळलं. तरी तीन आठवडे स्वतःशी भांडत राहिलो. बोलावणं तुझ्या हातचं होतं ना. मग एका सकाळी कामावर न जाता बसमध्ये बसलो.

अमा दाराकडे तोंड करून बसली होती. मी आत गेलो. तिने ओळखायला क्षणही लावला नाही. डावा हात माझ्या तोंडावरून फिरवला, मग कान पकडला आणि चांगला जोरात ओढला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, कुणाला सांगू नकोस. चित्रात तर मुळीच काढू नकोस.

मग तिने माझं डोकं बाजूला केलं आणि माझ्या खांद्यावरून मागे दाराकडे बघायला लागली. मला वाटलं, लिंदा सामान घेऊन येतेय. लिंदा तर माझ्या शेजारीच उभी होती. अमाला बोलायला फार कष्ट पडतात. तोंड वाकडं करून, डोळे मिटून तिने एक शब्द काढला.

"दुसरा?"

लिंदा लगेच स्वयंपाकघरात निघून गेली. नंतर म्हणाली, अमा रोज संध्याकाळी दोघांबद्दल विचारते. हे तेयोला सरळ का लिहिलं नाहीस म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, किती वेळा ये म्हणायचं? त्याचं त्याला कळायला नको?

रोज सकाळी अमा भिंगातून काय शोधते, ते मी काल शेजारी बसून बघितलं. बोट ठेवते, ही मी. हे तुझे अपा. ही लिंदा. हा चानो. मग बोट पुढे सरकवते, टेबलाखाली बघते, खिडकीत बघते, दाराबाहेर बघते. इतकी वर्षं तू ते घर काढतोयस आणि त्यात एकदाही तू नाहीस. मी लिंदाने जपून ठेवलेली सगळी कात्रणं उलटून बघितली. तू कुठेच नाहीस. मी तीन वर्षांपूर्वी गेलो, म्हणून मी पळून गेलेला. तू त्याच्याही कितीतरी आधी गेलास. अपांच्या वेळी आलास तो दुसऱ्या दिवशी परत गेलास, कारण रविवारचं पान द्यायचं होतं.

आता मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मुलीच्या बापाने मला नकार दिला, तिने नव्हे, आणि मीही तिच्यासाठी परत आलो नाही. तेवढा दोष माझा. तुझ्या कालव्याच्या चित्रावर मी शेडमध्ये एकदा हसलोसुद्धा. पण हे मात्र मला बघवत नाही. ती शिट्टी तू माझ्यासाठी काढलीस. अमाने हवेत हात धरून ठेवला होता तो दोघांसाठी.

तुझ्या पेपरला सहा आठवडे लागतात. अमाकडे किती आहेत ते डॉक्टरलाही माहीत नाही. मी तिला सांगून टाकलंय की दुसरा निघालाय. माझ्याबद्दल आधीच पुष्कळ छापून आलंय, त्यात आता खोटं बोलल्याची भर नको.

लोभ आहेच. तू ये.

चानो